तिसरी वाटी

मी तासिका तत्त्वावर बारावीला कंप्युटर सायन्स शिकवतो. शिकवतो म्हणजे वही उतरवून देतो. लॅबमधल्या सहा मशिनींपैकी चार कायमच्या झाकणाखाली, दोन लाईट असली तर चालतात. त्यामुळे आमच्याकडे पोरं प्रोग्राम चालवत नाहीत, पाठ करतात. माझ्या वहीच्या झेरॉक्स सोनपेठपासून गंगाखेडपर्यंत फिरतात, आणि याचा मला भलताच तोरा होता.

महेश्वरी ही किराणा दुकानदार महालिंगअप्पांची मुलगी. गल्ल्यावर बसून अभ्यास करायची. गिऱ्हाईक आलं की वही साखरेच्या पोत्यावर. अप्पांनी बजावलं होतं, कंप्युटरला नव्वदच्या वर पडले तरच नांदेडला इंजिनिअरिंग, नाहीतर गावातच बी.ए. करायचं आणि दुकान बघायचं. अप्पा शब्दाचे पक्के. पोरीला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

सराव परीक्षेचे पेपर वाटले त्या दिवशी ती स्टाफरूममध्ये आली.

"सर, आकडे चढत्या क्रमानं लावायच्या प्रोग्रामला माझे दोन मार्क कामून कापले?"

"वहीत नसलेली ओळ लिहिलीस म्हणून."

तिनं दप्तरातून दोन वाट्या काढल्या. एकीत साखर, दुसरीत मीठ.

"ह्यांची अदलाबदल करा बरं, सर."

"अगं, त्याला तिसरी वाटी लागेल."

"तुमच्या वहीत तिसरी वाटीच न्हाई. दुसरा आकडा पहिल्याच्या जागी ठेवला की पहिला पुसला जायलाय. मी पाटीवर चार येळा करून बघितलं."

मी वही उघडली. पोरगी बरोबर होती. अकरा वर्षांपूर्वी उतरवताना माझ्याकडून एक ओळ गळाली होती. अकरा बॅचेसनी ती चूक घोकली, मीही डोळे झाकून बरोबरच्या खुणा करत गेलो.

तिथंच कान धरायला हवा होता, स्वतःचा. पण बोर्डाचा पेपर पाच दिवसांवर. वर्गात सांगावं तर नाक कापलं जाणार, आणि पुढच्या वर्षी तास मिळतील की नाही कोण जाणे. मी म्हणालो, "ऐन परीक्षेत डोकं चालवू नको. वहीतलं लिही."

तिनं वाट्या दप्तरात ठेवल्या. दोन मार्क मी वाढवले नाहीत. त्याची लाज मला अजून वाटते.

बोर्डाच्या पेपरात नेमका तोच प्रोग्राम आला. परीक्षा केंद्रावरच्या शिपायाकडून हे कळल्यावर माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. पेपर सुटायच्या आधीच मी गेटपाशी जाऊन उभा राहिलो.

"तिसरी वाटी लिहिलीस ना?" ती दिसताच मी विचारलं.

"न्हाई सर. तुमचंच लिहिलं."

"अगं, पण तुझं बरोबर होतं!"

"ते तुमाला बी ठाऊक होतं की, सर. तरी मार्क कापलेच." तिचा आवाज चढला नव्हता. "पेपर कुणाकडं जातो काय म्हाईत. तपासणारं बी तुमच्याच वहीवर शिकलेलं असलं तर? मला दोन मार्क घालवून न्हाई चालत."

ती पॅड छातीशी धरून उभी होती.

"आधी बरोबरच लिहिला होता, सर," ती म्हणाली. "मग त्याच्यावर आडवी रेघ मारली."

आणि ती दुकानाकडे निघाली. अप्पांची जेवायची वेळ झाली होती.