अप्पांचं वैराग्य

कुंभकोणम स्टेशनवर अप्पा मला सोडायला आले ते भांडतच आले. रिक्षावाल्यानं उगीच वळसा घातला म्हणून त्याच्याशी, गाडी उशिरा म्हणून स्टेशनमास्तरशी आणि मी दोन बॅगा जास्त घेतल्या म्हणून माझ्याशी. पोरगी पुण्याला नोकरीला चालली, पण डोळ्यांत टिपूस नाही. गाडी हलली तशी त्यांनी खिडकीतून नुकत्याच दळलेल्या कॉफीची पुडी माझ्या मांडीवर टाकली. पुडी अजून कोमट होती. "तिकडे चहा पितात म्हणे. तू पिऊ नकोस. आणि दूध पाणचट मिळेल, आधीच सांगून ठेवतो." झाला आशीर्वाद! सुंदरपेरुमाळ कोयिल स्टेशन मागं पडेपर्यंत मी रडत होते, मग पुडीचा वास आला आणि हसू फुटलं.

आमचे अप्पा असेच. तक्रार केल्याशिवाय त्यांना घास उतरायचा नाही. आमटीत चिंच जास्त, सांबारात कमी, मुलांना लळा नाही, देवळातल्या घंटेला नाद नाही. कोणावर जीव असेल तर त्याच्या चार चुका काढणार. आई म्हणायची, "ज्या दिवशी हे गप्प बसतील त्या दिवशी मज भय वाटेल." आई गेली, आणि तिचं ते बोलणं आम्ही सगळे विसरलो.

हे लिहितेय ते तुमच्यासाठी, जे तिथंच राहिलात आणि जे माझ्यासारखे पुणं, चेन्नई, सिंगापूर करत पांगलात. मराठी राजांबरोबर तंजावरकडं आलेली आपली घरं. उंबऱ्याच्या आत जुनी मराठी, बाहेर पाऊल टाकलं की तमिळ. पुण्यात माझं 'मज नको' ऐकून ऑफिसातली मुलं अजून खुदुखुदु हसतात. हसोत बापडी. पण एक गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या जपली, ती विठ्ठलाची भजनं, आणि तिच्यासोबत एक समजही जपला. म्हातारं माणूस गप्प झालं, जेवण तोडलं, वस्तू वाटू लागलं, की आपण हात जोडतो. म्हणतो, वैराग्य आलं.

अप्पा आमच्या गल्लीतल्या भजनाचे म्होरके. हातात झांजा घेऊन ते उभे राहिले की बाकीचे आपोआप सरळ व्हायचे. मग कानांनी दगा दिला. ठेका सुटायला लागला. मंडळींनी मोठ्या आदरानं त्यांना पुढच्या रांगेतून उचलून खुर्चीवर बसवलं, शाल घातली आणि झांजा दुसऱ्याच्या हातात दिल्या. त्यांच्या बरोबरीचे एकेक करून गेले. गोविंदपुरम्‌च्या विठ्ठलाला त्यांच्यासोबत बसनं जाणारं कोणी उरलं नाही. हे सगळं मला फोनवर तुकड्यातुकड्यानं कळत होतं.

अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, खुशीत सांगायचा, "रुक्कू, अप्पा आता अगदी ऋषी झालेत बघ. रागावत नाहीत, काही मागत नाहीत. एकवेळच जेवतात. पहाटे तीनला उठून बसतात. कॉफीसुद्धा सोडली!"

कॉफी? अप्पांनी? मी त्यांना व्हिडिओ कॉल केला. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. विचारलं, जेवण कसं आहे? "चांगलं आहे." दूध? "चांगलं आहे." वैनी त्रास देते का हो? एरवी यावर अर्धा तास पुरला असता. "ती फार चांगली आहे. सगळेच चांगले आहेत. सुखी राहा." असं कुणी बोलतं का आपल्या मुलीशी?

त्यानंतर कुरियर आलं. सोसायटीच्या वॉचमननं खोकं हातात दिलं, उघडलं तर अप्पांचा पितळी कॉफी फिल्टर, घासून लखलखीत. आईच्या माहेरचा. याला हात लावला म्हणून लहानपणी मी धपाटे खाल्लेत. अण्णाला फोन लावला तर तो कौतुकानं म्हणाला, "सगळं वाटून टाकतायत. झांजा भाच्याला दिल्या. शाली देवळात. म्हणतात, एवढी एकादशी होऊ दे, मग माझी कोणाला काळजी उरणार नाही. मोठा संकल्प दिसतोय."

एकादशी चार दिवसांवर होती. मी अण्णाला म्हटलं, "आत्तापासून त्यांना एकट्याला सोडू नकोस. का ते विचारू नकोस, फक्त सोडू नकोस." तो हसला. मग मी अशी ओरडले की शेजारची बाई गॅलरीत आली.

त्रिचीपर्यंत विमान, पुढं ट्रेन. सुंदरपेरुमाळ कोयिल आलं की आम्ही लहानपणापासून चपला घालून बॅगा खाली काढतो, कारण आता घर आलंच. त्या दुपारी मी चपला घालून तिथपासूनच दारात उभी राहिले. हिरवी शेतं, बगळे, सगळं जिथल्या तिथं होतं, आणि मला ते बघवत नव्हतं.

घरात पाहते तर दर्शनाची रांग! अप्पा भिंतीला टेकून बसलेले, आणि आडुतुरैहून आलेली अत्त्या नातवंडांना एकेक करून पुढं ढकलत होती, "पाया पडा रे, असं भाग्य मिळत नाही." अप्पांचा हात प्रत्येकाच्या डोक्यावर टेकत होता आणि खाली पडत होता. नजर कुठंच नव्हती. मी आले, तरी हात तसाच माझ्या डोक्यावर आला. बॅगा किती आणल्यास, असंसुद्धा विचारलं नाही त्यांनी.

मी सगळ्यांना बाहेर काढलं. अत्त्या तावातावानं निघाली. दार लोटलं, अप्पांच्या समोर बसले आणि त्यांना ऐकू जावं म्हणून कानाशी तोंड नेऊन विचारलं, "अप्पा, जगायचं नकोसं झालंय का? आपणच आपला जीव संपवावा असं येतं का मनात?"

अण्णा दारातूनच ओरडला, "काय अभद्र बोलतेस! नसलेलं त्यांच्या डोक्यात घालतेस?"

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. पहिल्यांदा पाहिलं. आणि ते मान हलवून हो म्हणाले. एकदा म्हणाले, मग पुन्हा म्हणाले. "रोज येतं. एकादशी ठरवली होती." आणि माझा हात धरून लहान पोरासारखे हुंदके द्यायला लागले. "कोणी विचारलंच नाही गं. सगळे पायाच पडत होते. पाया पडणाऱ्याला काय सांगू, की मज भय वाटतं म्हणून?"

अण्णा तिथंच उंबऱ्यावर खाली बसला. त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. त्यानं जे पाहिलं ते सगळी गल्ली तशीच पाहत होती.

मग बोलणं थांबलं आणि कामं सुरू झाली. अप्पांपासून दूर ठेवावं असं जे जे घरात वाटलं ते अण्णानं त्याच दुपारी शेजारच्या घरी नेऊन ठेवलं. वैनी त्यांच्याजवळून हलेना. दुसऱ्या दिवशी तंजावरला मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. बाई तरुण होती, पण अप्पांशी तमिळमध्ये सावकाश, मोठ्यानं, नीट बोलली. आम्हाला म्हणाली, हा आजार आहे आणि याला औषध आहे. झोप उडणं, अन्न न जाणं, लाडक्या गोष्टी सुटणं, आपलं ओझं होतंय असं वाटणं, निरवानिरव करणं, हे म्हातारपण नव्हे आणि वैराग्यही नव्हे. विचारल्यानं कोणी मरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. औषधाला वेळ लागेल, तोवर एकटं सोडायचं नाही. कानाचं यंत्रही तिनंच सुचवलं.

एकादशी आली. घरात कोणी मोठ्यानं श्वास घेत नव्हतं. मी, अण्णा, वैनी पाळीपाळीनं त्यांच्याजवळ. ते भिंतीकडं तोंड करून पडलेले. संध्याकाळी अण्णाच्या सांगण्यावरून भजनमंडळी घरीच आली. भाच्यानं झांजा परत आणल्या आणि अप्पांच्या उशाशी ठेवल्या. त्यांनी हात लावला नाही. दिवस गेला, एवढंच. त्यापुढचे आठवडेही काही सोपे नव्हते. मी रजा वाढवत राहिले. मग एका सकाळी, कानात नवीन यंत्र घालून बसलेले असताना, वैनीच्या कॉफीचा घोट घेऊन अप्पांनी तोंड वाकडं केलं. "हे काय, धुणं धुतलेलं पाणी?" वैनी स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड खुपसून रडली. मी फिल्टर पुण्याला राहिला म्हणून स्वतःला शिव्या घातल्या.

फिल्टर आता परत त्यांच्याकडं आहे. गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांकडं जाणं चालू आहे, आणि माझी भीती, तीही चालूच आहे. ती जायची नाही. म्हणून तुम्हाला सांगते, घरचं म्हातारं माणूस एकाएकी फार शहाणं, फार शांत झालं, तर नमस्कार मागून करा. आधी जवळ बसा आणि विचारा. शब्द अभद्र वाटले तरी विचारा, आणि उत्तर हो आलं तर तिथून हलू नका, डॉक्टर गाठा.

पुण्यात मला लोक विचारतात, घर कुठलं? पूर्वी मी कुंभकोणम म्हणायची आणि डोळ्यांपुढं गोपुरं यायची. आता सकाळी बाल्कनीत उभी राहून फोन लावते तेव्हा तो फोनच माझं घर असतो. काल अप्पा म्हणाले, "बरं आहे सगळं," आणि मला तो व्हिडिओ कॉल आठवला. मी विचारलं, अगदी तसंच, त्याच शब्दांत.

"नाही गं," ते म्हणाले. "आज खरंच बरं आहे. दूध तेवढं पाणचट."