काशीबाईच्या तोंडचा एक शब्द

सगळं सातपाटी म्हणतं, सासूची सेवा करावी तर नलूसारखी. म्हणू देत! सेवा गेली खड्ड्यात. मला तिच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं, "चुकलं गो माझं."

ऐंशी साली माझी सोमी तीन वर्षांची होती. अंगाला हात लावला तर चटका बसंल असा ताप. नवरा बंदरावर मासळी उतरवत होता. मी पोर उचलली आन् पालघरच्या डाक्टरकडं निघाले, तर सासू, काशीबाई, दारात आडवी. "होडी लागलीय. पापलेट कोण निवडणार, तुझा बाप? ताप काय, उतरंल."

तिचा शब्द बंदरावर कोणी मोडत नसे. लिलावात बाप्यांची तोंडं बंद करणारी बाई ती, तिच्यापुढं मी कोण? पोर तिच्याजवळ ठेवली आन् पापलेट निवडत बसले. दिवेलागणीला परत आले तर सोमी थंडगार.

वर्षांमागून वर्षं गेली, म्हातारीनं पोरीचं नाव काढलं नाय. मी वाट बघत ऱ्हायले. म्हटलं, थकंल, अंथरूण धरंल, तेव्हा तरी बोलंल.

आन् झालं काय? म्हातारी विसरायला लागली! आधी बाजारात टोपली विसरली, मग घरची वाट, मग पोटच्या लेकाचं नाव. ही मेली सगळंच विसरली तर मी जाब कुणाला विचारू?

माझी आय म्हणायची, माशाचं डोकं खाल्लं की माणसाचं डोकं चालतं. वर्षभर घोळीची मुंडकी आणली, कालवण केलं, काटे काढून एकेक घास भरवला. म्हातारी चांगली गरगरीत झाली, डोकं मात्र रिकामं. शेवटी बोईसरला एका डाक्टरकडं नेली.

डाक्टर म्हणाले, "रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पडदा असतो. नको ते तो आत जाऊ देत नाही. बरीचशी औषधंसुद्धा बाहेरच अडवतो. या आजारात तो पडदाच खराब होतो, असं आता म्हणू लागलेत. नको ते आत झिरपतं, आतली घाण बाहेर पडत नाही. माझ्याकडे याला औषध नाही."

"आन् माशाची मुंडकी?"

ते हसले. "ती पोटात जातात, बाई."

आमी जाळी शिवणारी माणसं. फाटलं की सुई-दोरा घेऊन बसायचं, एवढंच ठाऊक. यष्टीत मी पदर तोंडात कोंबून रडले. लोकांना वाटलं, सासूसाठी.

गेल्या महिन्यात अंगणात बोंबील वाळत घालत होते. शेजारची इंदुबाई मदतीला होती. तेवढ्यात म्हातारीनं माझ्याकडं बघून हाक मारली, "सोमी!"

हातातले बोंबील खाली पडले. मी धावत तिच्यापुढं बसले. ती माझ्या गालावरून हात फिरवायला लागली. "लय ताप होता गो तुला."

म्हटलं, आता सोडायचं नाय. "मग मला डाक्टरकडं का नाय नेलं, आजी?"

तिचे डोळे भरून आले. "मीच नको म्हणाले गो. चुकलं माझं."

तेरा वर्षं! मी इंदुबाईकडं बघितलं, ऐकलंस ना, म्हणून.

म्हातारीनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "पण मी सासू. तुझी आय तर ती होती. तिला पाय नव्हते काय गो?"

इंदुबाईनं मान खाली घातली. पाय होते मला.