माझा उघडलेला डोळा

हे मी आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि ज्या महाराजांकडे ध्यान शिकायला गेले त्यांना तर मुळीच नाही. तुम्हाला लिहून सांगते, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही. कुरखेड्याकडे कधी आलात तर चहा पाजीन, जेवू घालीन — पण हा विषय माझ्या तोंडून निघणार नाही.

तर, माझा तिसरा डोळा उघडलेला आहे. म्हणजे असं आमचं गाव समजतं. दर गुरुवारी दुपारी आमच्या सपरीत, घरापुढच्या पडवीत, बाया जमतात. मी मधोमध बसते, कपाळावर बोट टेकवते आणि म्हणते, सगळं ध्यान इथं आणा. मग कुणाची म्हैस हरवलेली असते, कुणाच्या पोरीला स्थळ येत नसतं. मी जरा थांबून उत्तर देते. थांबलं की उत्तर खरं वाटतं, हे मला फार लवकर समजलं. आणि पुष्कळदा ते बरोबर निघतं हो. उन्हाळ्यात म्हैस जाऊन जाऊन कुठं जाणार? तळ्याच्या चिखलातच ना? त्याला दोन डोळे भरपूर झाले.

डोळा उघडला तो ब्रह्मपुरीला, एका मंगल कार्यालयात. धान कापून घरात आलं होतं, हात मोकळे होते, म्हणून आम्ही दोघी जावा शिबिराला गेलो — मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, वच्छलाबाई. मी त्यांना नुसतं बाई म्हणते. महाराज सांगत, डोळे मिटा, दोन्ही भुवयांच्या मध्ये बघा, विचार आला तर त्याला जाऊ द्या. माझा विचार जायलाच तयार नव्हता. छतावर कोहळ्याच्या वड्या वाळत घालून आले होते, आणि माकडं आली असतील तर? दोन दिवस मी वड्यांचं ध्यान केलं. तिसऱ्या दिवशी झोप लागली.

त्यानंतर महाराजांनी एकेकाला उभं करून विचारलं, काय दिसलं? एकीला कमळ दिसलं होतं, एकीला समई. एका रिटायर गुरुजींना तर आख्खा सूर्य. मला काय दिसलं होतं? पापणीची आतली बाजू. पण सूर्यानंतर उठून पापणी सांगायची? मी म्हणाले, आधी जांभळा धूर आला, मग त्यातून हळूहळू निळा उजेड, आणि उजेडात कुणीतरी उभं होतं. हे सगळं मी पाहिलेलंच होतं — आमच्या गावच्या नाटकात, देव प्रकट होतो तेव्हा लाइटवाला अगदी असंच करतो. महाराजांनी डोळे मिटले. म्हणाले, या बाईचं काम झालं.

माझ्यानंतर बाई उठल्या. "मले त काळंच दिसलं, महाराज," म्हणाल्या. सगळे हसले, आणि त्याही हसल्या.

हा झाला खोटेपणा. पण एवढ्यासाठी तुम्हाला कशाला बसवून ठेवलं असतं? इतकं खोटं तर सोयरीक जुळवताना माणसं चहाच्या घोटाबरोबर बोलतात. सांगायचं आहे ते वेगळंच — आणि बघा, मी अजून वड्यांवरच घुटमळते आहे.

आमच्या झाडीपट्टीतली नाटकं तुम्हाला माहीत आहेत का? दिवाळी झाली, धान निघालं की गावोगाव मंडप पडतात. वडशाहून कंपन्या येतात. आज या गावात, उद्या त्या गावात, होळीपर्यंत. ज्या गावात नाटक, त्या गावातल्या घराघरात पाहुणे. लेकी माहेरी येतात, सोयरिकी ठरतात, आणि उजाडेपर्यंत माणसं बोऱ्यावर बसून हसतात, रडतात. बाईंचा धाकटा भाऊ देवाजी अशाच एका कंपनीत होता. विनोदी काम करायचा. तो नुसता आडव्या पावलांनी स्टेजवर आला की मंडप हसायला लागे. आणि आमच्या गावात प्रयोग असला की मधेच नाटक सोडून म्हणे, माझी बाई, म्हणजे मोठी बहीण, समोर बसली आहे, तिच्यादेखत मला मारू नका. सगळा मंडप मागे वळून बाईंकडे बघायचा. बाई पदरात तोंड लपवून इतक्या हसायच्या की शेजारणीला त्यांना धरावं लागे.

मी कुठं असायचे? बाईंच्या शेजारीच. माझ्याकडे कुणी बघत नसे. घर भरून पाहुणे यायचे तेही देवाजीभाऊंची बाई म्हणून त्यांच्याचकडे, आणि मी आत चुलीपुढे. मला राग यायचा का? यायचा. हे आज कागदावर लिहिताना किती बारीक दिसतं! तेव्हा बारीक नव्हतं.

तर गुरुवार सुरू झाले. बाई सगळ्यांच्या आधी यायच्या, सपरी झाडायच्या, चटई टाकायच्या आणि पहिल्या बसायच्या. जाऊ म्हणून नव्हे, खरंच शिकायला. त्यांच्याइतकं स्थिर कुणी बसत नसे. माशी नाकावर बसली तरी हलायच्या नाहीत. मी एक डोळा किलकिला करून बघायचे — तिसरा नव्हे, डावा. आणि मनात यायचं, काही दिसायचंच असेल तर ते या बाईला दिसेल, मला नाही.

एका गुरुवारी बाकीच्या बाया गेल्यावर त्या माझ्याजवळ सरकल्या. "सुमन, तुले दिसते. मले काऊन नाई दिसत? माह्यात काही खोट हाय का?"

विचारलं ते इतक्या साधेपणानं, की तिथल्या तिथे सांगून टाकता आलं असतं. बाई, मलाही नाही दिसत. चार शब्दांचं काम होतं. दोघी हसलो असतो, चटई गुंडाळली असती. पण दिवाळी जवळ आली होती. मंडपाची जागा साफ करणं सुरू झालं होतं. आणि मी — मी जरा थांबले, जशी थांबते तशी, आणि म्हणाले, "तुमचं मन नाटकात अडकून हाय, बाई. ते सोडा, मग दिसन."

सांगितलं. हेच ते.

बाईंनी मान हलवली. त्या वर्षी सगळं गाव मंडपात गेलं आणि त्या घरी बसल्या. आमच्याकडे नाटकाचा भोंगा गावाच्या पार टोकापर्यंत ऐकू जातो, म्हणून कानात कापूस घालून बसल्या. देवाजीभाऊ प्रयोगाआधी जेवायला आला होता. "एक अंक त पाहून जाय, बाई," म्हणाला. त्या नाही म्हणाल्या. त्यानं कारण विचारलं, तेव्हा म्हणाल्या, ध्यानाला चालत नाही. तो जेवला. हात धुताना मला हळूच म्हणाला, बाईला आता माझी लाज वाटत असेल, स्टेजवर माकडचाळे करतो म्हणून. मी काय म्हणाले? तसं काही नाही हो भाऊ, म्हणाले, आणि त्याच्या हातावर पाणी घातलं.

त्या रात्रीपासून त्यानं बाईचं नाव स्टेजवर घेणं सोडलं.

सकाळी बाई मला एकच विचारायच्या, देवाजीचा घसा बरा होता का? नाटक कसं झालं ते नाही. तेही मनाला चिकटेल म्हणून. असे किती हंगाम गेले ते मी मोजले नाहीत, मोजायची हिंमत नाही. त्याच वर्षांत देवाजीभाऊ अगदी भरात होता. एका नाटकात त्यानं बहिऱ्या सासऱ्याचं काम केलं, ते बघायला लोक दुसऱ्या तालुक्यातून यायचे. मीही पोट धरून हसले. पाहिलं नाही ते फक्त त्याच्या बहिणीनं. मग त्याचे गुडघे गेले, तो स्टेजवरून उतरला, आणि आता वडशाला नाश्त्याची गाडी लावतो. गंमत अशी की गाडीवरही गिऱ्हाईक हसत हसतच खातं.

आणि मी? मजेत होते. ही खरी गोष्ट आहे, म्हणून सांगते. मन खात होतं असं लिहिलं तर चांगलं दिसेल, पण तसं नव्हतं. बायका माझ्याकडे बघत होत्या, पाहुणे मला नमस्कार करत होते, वांग्याची पहिली तोड माझ्या घरी येत होती. मन खायला लागलं ते फार उशिरा, यंदाच, एका गुरुवारी. बाई उठताना गुडघ्यावर हात ठेवून हसत म्हणाल्या, "ह्या जल्मात काही माहा डोळा उघडत नाई वाट्टे. पण मी बसून राहीन बरं, तू नको काळजी करू." माझी काळजी. त्या मला धीर देत होत्या.

तेव्हा तरी सांगायला हवं होतं ना? तोंड उघडलंही होतं. पण निघालं ते हेच — काल ध्यानात दिसलं, बाई, तुमचा नेम पुरा झाला, आता नाटक पाहायला हरकत नाही. एक खोटं पुसायला मी दुसरं खोटं वापरलं, आणि तेही त्याच डोळ्याचं.

बाई मंडपात आल्या. नवं लुगडं नेसून आल्या. पडदा वर जायच्या आधीच हसू फुटत होतं. विनोदी कामाला एक नवा पोरगा होता, बरा होता. त्या मनसोक्त हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मग डोळे पुसता पुसता माझ्या कानाशी आल्या. "देवाजी याच्याहून भारी करत होता ना? तो बहिरा सासरा? मी त पाह्यलं नाई. तू पाह्यलं ना, सांग."

मी म्हणाले, हो बाई, फार भारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्याकडे आल्या. मी सपरीत बसले होते. कुंकवाचा करंडा आणला होता. मला कुंकू लावलं, आणि म्हणाल्या, "तुह्यामुळं मले पुन्हा नाटक भेटलं." आणि मला काही समजायच्या आत त्या, माझ्या मोठ्या जाऊबाई, वयानं, मानानं, सगळ्यानं मोठ्या, दुखऱ्या गुडघ्यांवर वाकल्या आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

मी पाय मागे घेतले नाहीत.