पाटावरचा परका हात

पंचवटीतल्या भाजीबाजारात मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडले जात होते, तेव्हा मी घराबाहेर पडले. ओल्या पोत्यांचा, कोथिंबिरीच्या मुळांचा आणि नदीवरून येणाऱ्या गार हवेचा वास गल्लीत मिसळला होता. असा वास एरवी मला उभारी देतो. त्या सकाळी मात्र खांद्यावरच्या पिशवीचे ओझे तेवढे जाणवले.

बहात्तरच्या दुष्काळापासून दहा वर्षे मी पाण्याच्या चळवळीत होते. मोर्चे, धरणे, कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर काढलेली उन्हे. आवाज बसला, गुडघे दुखू लागले, आणि एके दिवशी लक्षात आले की पाणी द्या असे म्हणणे मला येते. आलेले पाणी वाटायचे कसे, हे कोणी विचारले तर माझ्याजवळ उत्तर नाही. म्हणून अडतिसाव्या वर्षी पुन्हा विद्यापीठात नाव घातले. विषय घेतला बागलाणातल्या फडांचा. फड म्हणजे एका बंधाऱ्याखालच्या शेतांचा सलग पट्टा. त्यात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि पाण्याची पाळी गावाने ठरवायची.

गाडी चांदवडच्या डोंगरांजवळून गेली तेव्हा ऊन कोवळे होते. देवळा मागे पडले तेव्हा ते टणक झाले. सटाण्यात कांद्याच्या बैलगाड्यांची रांग लागली होती आणि हवेत कांद्याच्या पातीचा तिखट ओलावा होता. तिथून दुसऱ्या गाडीने पुढे, आणि शेवटचे दोन कोस पायी. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. मोसम नदीकाठचे गाव, एवढे पुरे.

वेशीवर नामदेव आबा उभे होते. ते गावाचे पाटकरी (पाटाचे पाणी शेतोशेत सोडण्यासाठी गावाने नेमलेला माणूस). साठीच्या पुढचे, काटक, गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला. त्यांच्याच घरी माझी सोय होती. त्यांच्या पत्नी गंगूमाय यांनी कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि मिरचीचा ठेचा वाढला. नाशिककरीण तिखट खाते की नाही, याची त्यांना शंका होती. माझ्या डोळ्यांतून पाणी आले तेव्हा त्यांनी समाधानाने आणखी एक भाकरी टाकली.

जेवताना आबांनी नियम सांगितला. पाटाच्या दाराला, म्हणजे शेतात पाणी सोडण्याच्या तोंडाला, पाटकऱ्यावाचून कोणी हात लावायचा नाही. लावला, तर एक दिवस पाटातला गाळ उपसायचा. मग तो कोणीही असो.

"पानी सगयासनं शे," ते म्हणाले (पाणी सगळ्यांचे आहे), "पन देनारा हात एकच."

मागच्या महिन्यात भास्कर नावाच्या तरण्या शेतकऱ्याने स्वतःच दार उघडले होते. आबांनी त्याला गाळ उपसायला लावला. भास्करची विहीर होती, तिच्यावर इंजिन होते, आणि त्या दिवसाचा डंख त्याच्या मनात राहिला होता. तीन दिवसांनी देवळापुढे गाव बसणार होते: पाटकरी ठेवायचा, की ज्याने त्याने आपापल्या विहिरीवर भागवायचे. विहिरी नसलेली घरेच जास्त होती. पण आवाज विहीरवाल्यांचा मोठा होता. पाटकरी गेला, तर खालच्या अंगाची शेते कोरडी पडणार, हे गंगूमायने मला भांडी घासता घासता सांगितले.

दुसऱ्या दिवशी मी पाटाच्या कडेने एकटीच निघाले. गहू पोटरीत होता, ओंब्या अजून बाहेर पडायच्या होत्या. पाणी इतके सावकाश चालले होते की कान दिल्याशिवाय त्याचा आवाज येईना. आला तेव्हा वाटले, कोणी झोपेत कूस बदलते आहे. वेग मोजण्यासाठी मी बाभळीचे पान सोडायची आणि घड्याळाकडे बघायची. एका दाराशी पोचले. मातीचे बूच आणि त्यावर दाबलेला दगड. दाराच्या तोंडातून किती पाणी जाते, एवढेच मला बघायचे होते. पाच मिनिटे. मी दगड सरकवला.

रात्री ऐकलेला नियम मी विसरले नव्हते. तो माझ्यासाठी आहे, असे मला वाटलेच नव्हते.

पाणी गव्हात पसरले तेव्हा काळ्या मातीचा थंड वास उसळला. मी तो वास घेत उभी असतानाच बांधावर भास्कर दिसला. दूरवरून आबा येत होते; ते जवळ आल्यावर त्याने सावकाश विचारले, "आबा, शिकेल मानूसले नियम नही का?" (शिकलेल्या माणसाला नियम नाही का?)

आबांनी खाली बसून दार बुजवले, टाचेने माती दाबली आणि पुढच्या दाराकडे चालू लागले. दहा वर्षे मी सरकारी हुकूम मोडले होते आणि त्याचा मला अभिमान होता. अभ्यास, हेतू, पाच मिनिटे, असे सारे खुलासे तोंडाशी तयार होते. आबांची पाठ पाहून ते तिथेच सुकले.

दिवेलागणीला ते ओसरीवर माझ्यासमोर बसले. "तुम्ही सकायनी गाडीवर निंघी जा," ते म्हणाले. "मी सांगसू, पाहुनी व्हती."

मी सकाळच्या गाडीने निघून जायचे, आणि पाहुणी होती, एवढे सांगून ते मला सोडवणार होते. मग भास्कर देवळापुढे एकच प्रश्न विचारणार होता आणि आबांजवळ त्याला उत्तर नसणार होते. मी त्यांना फावडे कुठे ठेवता, ते विचारले. त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवले आणि माझ्याकडे न बघता उठून गेले.

सकाळी पाटाच्या वरच्या अंगाला, पाणी अडवून मोकळ्या केलेल्या तुकड्यात, मी उतरले. गाळ पोटरीएवढा. त्याला शेवाळ्याचा, कुजल्या पाल्याचा आणि लोखंडासारखा वास होता. धुणे घेऊन आलेल्या बायका काठावर थांबल्या. मी मोर्च्यांत बोलते, हे गंगूमायने त्यांना आधीच सांगून ठेवले होते.

"भाषन सोपं, फावडं जड शे, नही का बाई?" त्यांतली एक म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण ते खरे होते. गंगूमायने मात्र खाली उतरून माझा उजवा हात दांड्यावर पुढे सरकवून दिला. तेवढ्याने कमरेची कळ निम्मी झाली.

दुपारपर्यंत दोन्ही तळवे फुटले. भास्कर आला, काठावर उकिडवा बसला, उपसलेला तुकडा नजरेने मोजला. शेवटी म्हणाला, "हाऊ कोपरा राहिना." हा कोपरा राहिला. मी तो कोपराही काढला. त्याने कोपरा नीट बघितला आणि निघून गेला.

देवळापुढची बैठक लांबली. मी बायकांमागे बसले होते. इंजिनांचे बोलणे झाले, नदी दरवर्षी लवकर आटते याचे झाले. खालच्या अंगाच्या एका म्हाताऱ्याने फक्त विचारले की आबांनी कधी कुणाचे तोंड बघून पाणी दिले असेल, तर सांगा. असा एकही प्रसंग निघाला नाही. काहींच्या नजरा माझ्या चिंध्या बांधलेल्या हातांकडे वळल्या. भास्कर मान खाली घालून बसला होता. त्याने संमती दिली नाही, प्रश्नही विचारला नाही. आबांना एका वर्षासाठी ठेवायचे ठरले. एकाच वर्षासाठी.

निघताना आबा पाळीवर गेलेले होते. निरोप गंगूमायनेच दिला. परतीच्या गाडीत खिडकीचा गजही धरवत नव्हता. उतारावर जागोजाग नव्या विहिरींचे मातीचे ढीग दिसत होते. त्यांतल्या काहींसाठी कर्ज मिळावे म्हणून मीच कधीकाळी घोषणा दिल्या होत्या. त्या विहिरी खोदणाऱ्यांची तहान खोटी नव्हती, आणि नदी बारीक होत होती, हेही खोटे नव्हते. हे दोन्ही एकाच पानावर कसे लिहावे, ते नाशिक येईपर्यंत सुचले नाही. अजूनही पुरते सुचलेले नाही.

प्रबंधात नियमभंगांची नोंद करायची होती. त्या हंगामात नियम दोनदा मोडला गेला. पहिल्या खर्ड्यात दुसऱ्या वेळेपुढे मी लिहिले, 'बाहेरून आलेल्या एका व्यक्तीकडून'. ते वाक्य कितीतरी दिवस तसेच राहिले. व्याकरणाने शुद्ध, आबांच्या ओसरीवरच्या त्या सवलतीसारखे. मग एका दुपारी ते खोडले आणि तिथे माझे नाव लिहिले.