धोंड्याच्या महिन्यातला पासपोर्ट

माझ्या धाकट्या बहिणीचं आणि तिच्या नवऱ्याचं पटत नव्हतं. तो परदेशात नोकरीला, ती चार वर्षांच्या पोराला घेऊन अंबरपेठला आमच्याकडे. वर्षभर ज्यानं धड फोन केला नाही, तो अधिक महिन्यात अचानक आला आणि आल्यापासून नुसता गोड बोलत होता. मी मुळातली संशयी. त्यानं पोराच्या स्वेटरचं माप विचारलं तेव्हाच मी कान टवकारले. हैदराबादेत स्वेटर कशाला? कपाट उघडून पाहिलं, तर पोराचा पासपोर्ट गायब.

मामा वकील, म्हणून त्यांना फोन लावला. राज्याचे नुकतेच दोन तुकडे झाले होते आणि हायकोर्टाचीही वाटणी करा म्हणत वकिलांनी काम बंद ठेवलं होतं.

"मनाई हुकूम आज तर मिळत नाही," मामा म्हणाले. "आधी पासपोर्ट हातात घे. पोर एकदा तिकडं गेलं की इथल्या हुकमाला कोण विचारतंय?"

आईला सांगितलं, तर ती माझ्यावरच उसळली. "धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे नारायण. त्यांना पासपोर्ट मागू? उगं परेशान करू नको गं!"

आणि तिनं जावयाला धोंडे जेवण घातलं. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. मला त्या तुपाचासुद्धा राग येत होता.

"जेवलो की पोराला दिलसुखनगरला नेतो, बूट घेऊ," तो म्हणाला.

"मीही येते," मी म्हणाले.

"तुम्ही कशाला? आम्ही दोघंच जातो."

तेवढ्यात पोर बहिणीच्या कानाला लागलं. त्याचं कुजबुजणं म्हणजे दवंडीच. "आई, बाबा मला विमानात विंडो सीट देणारेत. तुला सांगायचं नाही, तू रडशील."

बहिणीनं पोराला उचललं, आतल्या खोलीत नेलं आणि कडी घातली.

"लहान मुलाचं काय मनावर घेता!" तो हसला.

भिकाऱ्यालाही भरल्या ताटावरून न उठवणाऱ्या माझ्या आईनं जावयासमोरचं ताट ओढून घेतलं. "पासपोर्ट ठेवा, जावईबापू. आणि उठा."

त्यानं तो शर्टाच्या खिशातून काढला. म्हणजे जेवतानाही जवळच होता! माझा संशय खरा ठरला होता, पण आनंद कसला? तो जिना उतरत होता आणि आत पोर दार बडवत होतं, "बाबा, थांबा, मी येतो!"

बहीण आतून कडी धरून उभी होती.