शून्य क्रमांकाचा रंग

एखादी वस्ती नकाशावर काढायची आणि तरीही ती कोणाला दिसू द्यायची नाही, हे शक्य आहे का? या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नाही. ते सांगलीत, खंडेनवमीच्या सकाळी, एका रंगीत पडद्यासमोर मिळाले. जसे मिळाले तसे सांगतो.

"नकाशाला हा गोवर कुठून आला?"

विभागप्रमुखांचे हे पहिले वाक्य. अभियांत्रिकी महाविद्यालयातली संगणकाची खोली. दाराबाहेर चपलांची रांग, आत थंड हवा, यंत्राच्या कपाटाला झेंडूची माळ. आधी यंत्राची पूजा व्हायची होती आणि मग जिल्ह्यातली बडी मंडळी नकाशा पाहायला येणार होती. नकाशा दुष्काळी पट्ट्यातल्या पाणीयोजनेचा होता. तो मी, तिथल्या नव्या अध्यापकाने, तयार केला होता. माझे गावही त्याच पट्ट्यात, औंधच्या पलीकडे.

पडद्यावर रंग कसा बसवतात, हे आधी समजून घ्यावे. रेघ किंवा ठिपका काढण्यासाठी तयार आज्ञांचा एक संच असे. त्याला आम्ही ग्राफिक्स लायब्ररी म्हणत असू. त्यातली एक आज्ञा रंग ठरवते. तिला रंगाचे नाव कळत नाही, केवळ क्रमांक कळतो. कोणत्या वस्तूला कोणता क्रमांक द्यायचा, हे माणूस ठरवतो.

गावठाणांना मी हिरवा दिला. नळाच्या रेघेला निळा. महारवाडे आणि मांगवाडे यांना लाल ठिपके. कारण साधे होते. गावठाणात नळ येणारच होता. पण तिथे आम्हांला पाणी भरू देत नसत. वस्तीसाठी वेगळा नळ मागायचा, तर वस्ती आधी दिसायला हवी.

"सर, त्या आमच्या वस्त्या आहेत," मी म्हणालो.

"ते कळलं. पाहुण्यांना कशाला दाखवायच्या? शून्य क्रमांक दे त्यांना."

शून्य म्हणजे पडद्याचा मूळ काळा रंग. काळ्यावर काळा.

"मग त्या दिसणारच नाहीत, सर."

"पुसून टाक म्हटलं का मी? आकडे राहू देत आत. फक्त दिसायला नकोत. आणि पूजेच्या वेळी तू बाहेर थांब. यंत्र चालू करायला हाक मारीन."

हे त्यांनी रागाने सांगितले नाही. फळा पुसायला सांगावा, तसे सांगितले. ते रागावले असते, तर उत्तर देणे मला सोपे गेले असते.

मी क्रमांक बदलला नाही. तो संपतने बदलला. संपत माझा सहकारी. कृष्णाकाठच्या ऊसवाल्या घरातला, वडील लष्करात सुभेदार.

"लय मनाला लावून घेऊ नगंस, गड्या," तो बाहेर येऊन म्हणाला. "रंगच बदललाय. वस्ती काय कुणी उचलून न्हेली का?"

"तुझ्या गावाला दे की शून्य."

"माझं गाव कशाला मधी आणतोस?" तो हसला आणि आत गेला.

मी चपलांजवळ उभा. आत नारळ फुटला. रोज काम करताना माझ्या हाताने ते यंत्र विटाळत नव्हते. पूजेपुरते विटाळत होते.

मग हाक आली. पाहुणे बूट न काढताच आत आले होते. त्यांना कोणी अडवले नाही. मी प्रोग्राम चालवला. गावठाणे उमटली. त्यांच्यामधून निळी रेघ सरकत गेली. शेवटी ठिपके. आणि इथे जे झाले ते सरांना सुचले नव्हते, संपतला नव्हते, मलाही नव्हते. काळा ठिपका काळ्या जागी पडला तर दिसत नाही. निळ्या रेघेवर पडला, तर तेवढी रेघ खातो. नळाची रेघ आमच्या वस्त्यांना घासूनच जात होती. सर्वांदेखत ती जागोजागी तुटली.

एक वयस्क पुढारी पुढे वाकले. "आवं सर, पाइप आत्ताच फुटली का वं? अजून चर बी खणला न्हाई!"

सगळे हसले. सरही हसले. "नवशिक्यांच्या हाती काम दिलं की असं होतं." मग माझ्या कानाशी: "आधी ठिपके काढ, मग त्यांवरून रेघ ने. क्रम बदल. लगेच होईल."

झाले असते. दोन आज्ञांची अदलाबदल केली की रेघ अखंड दिसली असती. आमच्या अंगावरून गेली असती. बोटे कळांवर होती. तेव्हा स्वच्छ कळले. आम्हांला झाकायचे काम यांना माझ्याच हातून करून हवे आहे.

मी हात उचलले. उभा राहिलो.

"साहेब, पाइप फुटलेली नाही. रेघ जिथं तुटली आहे, तिथं आम्ही राहतो."

पुढारी माझ्याकडे वळले.

"तुमी कुठलं?" पुढाऱ्यांनी विचारले. मी गाव सांगितले.

"आन् आडनाव?" तेही सांगितले.

"आसं व्हय," ते म्हणाले, आणि चहाकडे वळले.

दिवाळीनंतर मला त्या खोलीतून काढून पहिल्या वर्षाच्या आरेखनाच्या वर्गावर नेमले. क्रम संपतने बदलला. पडद्याचे रंगीत छायाचित्र प्रस्तावाला जोडले गेले. त्यात रेघ अखंड आहे. योजना झाली. पाइप आमच्या अंगणासमोरून गेली. वस्तीत नळ आला नाही. दुपारी जमिनीला कान लावला की आतले पाणी ऐकू येते, असे आई सांगे.

मी आजही आरेखन शिकवतो. माझ्या वर्गात वस्त्या शेवटी काढाव्या लागतात. सगळ्या रेघांच्या वर, ठळक. विद्यार्थी कारण विचारतात. मी पूर्ण कारण सांगतो, माझ्या आडनावासकट. जुने विसरा म्हणणाऱ्यांशी मी बोलणे थांबवले आहे. मी कोणाला शून्य देणार नाही. मला दिलेले घेणार नाही.

माझ्या शब्दावर विसंबू नका. तुमच्या तालुक्याच्या कचेरीत पाणीयोजनेचा नकाशा असेल. तो मागून घ्या, नीट पाहा, आणि मग त्या रेघेच्या कडेने स्वतः पायी चालत जा.