निर्झराचे बारसे आणि बारावा भाग

आमच्या घरात पुस्तकासाठी रांग असते आणि त्या रांगेत माझा क्रमांक कायमचा शेवटचा आहे. उद्या आमच्या मांजरीला अक्षरओळख झाली, तर तीसुद्धा माझ्यापुढे उभी राहील! मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी कविता शिकवते, या गोष्टीचा तिथे काडीचाही उपयोग होत नाही.

ही शिक्षा मला माझ्या भाचीच्या बारशात झाली. आणि नियम माझाच होता.

पुस्तक म्हणजे 'अग्निसरोवर'. भागांमागून भाग येतच राहणारी एक अद्भुत कादंबरीमाला. तिचा पहिला भाग बाबांनी आणला, तेव्हा मी शाळेत होते. आमचे घर भिवंडीत, यंत्रमागांच्या कारखान्याला पाठ टेकून उभे. मागांची खटखट भिंतींतून, फळीवरच्या भांड्यांतून आणि पिण्याच्या पाण्यातूनही चालत असे. पेला स्थिर ठेवला, तरी आतल्या पाण्यावर बारीक वलये उठत राहत. खिडकीतून सुताच्या खळीचा आंबूस, उबदार वास येई आणि कापसाचे तंतू उघड्या पानांवर अलगद उतरत. आजही ते जुने भाग उघडले, की दोन पानांच्या बेचक्यात एखादा पांढरा तंतू सापडतो आणि माझे बालपण मला शिंक आणते.

बाबा आम्हांला मोठ्याने वाचून दाखवत. मोठ्याने म्हणजे मागांच्या वर! शत्रूच्या गोटातला गुप्त निरोपसुद्धा ते अशा आवाजात वाचत, की समोरच्या इमारतीतल्या शत्रूनेही सावध व्हावे. भिवंडीच्या त्या गल्लीत कुजबुज ही कला कोणालाच अवगत नव्हती. (पुढच्या अनर्थाचे बीज इथेच आहे, वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावे.)

मालेत दर काही भागांनी नायक बदले आणि आमच्या घराचे तुकडे पडत. पहिल्या भागांतला वीरबाहू बाबांचा. नंतरचा चोरांचा राजा भुजंग माझा धाकटा भाऊ मिलिंद याचा. आणि त्यानंतर आलेली, नदीशी बोलणारी, ओंजळीत चंद्र घेऊन चालणारी निर्झरा माझी. संध्याकाळच्या चहाबरोबर युद्धाला तोंड फुटे.

"वीरबाहू म्हणजे शिस्त," बाबा म्हणत. ते निवृत्त कारकून. "पहाटे उठतो, तलवार पुसतो, मग लढायला जातो. नाहीतर तुझा तो भुजंग! दुपारपर्यंत लोळतो."

"नाइट शिफ्ट असते त्याची, बाबा!" मिलिंद उसळे. तो काल्हेरला गोदामात नोकरीला. रात्रपाळी करणाऱ्यांविषयी त्याला अपार कळवळा.

"तुमच्या दोघांच्या नायकांनी कधी एखाद्या झाडाची विचारपूस केली आहे?" मी विचारी.

"झाडाची कशाला करायची? झाड काय आजारी आहे?"

मिलिंदचे लग्न झाले आणि दिघाशीहून कल्पनावहिनी आली. तिने वर्षभरात सगळे भाग संपवले आणि चौथाच पक्ष काढला. "सगली मोठी मानसं हायत," ती शांतपणे म्हणाली, "पन नदी पार करायची येते तवा सुकीच लागते ना? ती नाववाली न्हाय आली, तं तुमचे तिघंबी अल्याड बसतील हात हलवत!" आई मात्र कोणत्याच पक्षात नव्हती. नवा भाग आला की जेवणे गार होतात, एवढीच तिची समीक्षा.

आता नियम. फार पूर्वी मिलिंदने भर जेवणात सांगून टाकले होते, की वीरबाहूचा घोडा मरतो. मी तोवर ते प्रकरण वाचले नव्हते. मी आमटीच्या वाटीत रडले. त्याच दिवशी मी देव्हाऱ्यासमोर सर्वांकडून शब्द घेतला : पुढचे फोडायचे नाही. जो फोडेल, तो यापुढच्या प्रत्येक भागाला रांगेत सर्वांत शेवटी उभा राहील. बाबांनी त्यावर मान डोलावली आणि आयुष्यभर तो नियम सरकारी परिपत्रकासारखा पाळला.

मग भाची जन्मली. जाईच्या कळीसारखी, मिटल्या मुठींची. नावावरून मिलिंद आणि वहिनी यांचे एकमत होईना.

"ताई, आत्या तू आहेस. तूच ठरव," मिलिंद म्हणाला. "फक्त भुजंगाचा विचार कर."

"मुलीचं नाव भुजंगा ठेवू?"

"युनिक आहे!"

मी मनोमन ठरवून टाकले होते. निर्झरा! उच्चारताना जिभेवर गार थेंब घरंगळल्यासारखे वाटते. नाव बारशापर्यंत गुप्त ठेवायचे, म्हणून मी काही बोलले नाही. केवळ निळी पैठणी घेतली, निळ्या बांगड्या भरल्या आणि पाळण्याला निळी झालर शिवली. एवढ्यावरून कोणाला काय कळणार!

बाबांना कळले. बारशाच्या आठवड्यात 'अग्निसरोवर'चा बारावा भाग आला होता आणि रांगेच्या रीतीप्रमाणे प्रथम त्यांच्या उशाशी गेला होता. बारशाच्या सकाळी ते माझ्याभोवती घुटमळू लागले.

"नाव... नदीबिदीवरून नाही ना?"

"गुपित आहे, बाबा."

"नाही, ठेव बापडी. पण आठवडाभर थांबलीस तर?"

"बारसं पुढे ढकलू? पाहुणे अंबाडी नाक्यापर्यंत आलेत!"

"मला काही सांगता येत नाही." त्यांचा चेहरा केविलवाणा झाला. "पण माझी शेवटची पानं वाचून व्हायची आहेत अजून."

मी समजून चुकले. वीरबाहू पक्षाचे राजकारण! पराभव दिसू लागला, की मतदान लांबवायचे. मी त्यांच्या हातात घुगऱ्यांची परात दिली आणि गोड हसले.

दुपारी घर भरले. दिघाशीहून वहिनीची आई आली. तिला आम्ही मावशी म्हणतो. तिच्यामागून टेम्पोभर नातलग आले. झेंडूचा उग्र गंध, वेलचीच्या मसाला दुधाची वाफ, नव्या लुगड्यांची सळसळ आणि या सर्वांखाली, अखंड, मागांची खटखट. बायकांनी पाळणा म्हटला. बाळ पाळण्याखालून-वरून फिरले. मी पुढे झाले.

बाबा समोरच्या दाराशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी हसले. त्यांनी दोन्ही हात हलवले. मला वाटले, आशीर्वाद! मग त्यांनी गळा धरून जीभ बाहेर काढली.

"ह्यांना ठसका लागला, पाणी द्या," आई म्हणाली.

आता रीत अशी, की आत्याने बाळाच्या कानात नाव हळूच सांगायचे. पण त्या खटखटीत हळूच सांगितलेले बाळाला कसे कळणार? मी वाकले आणि आमच्या घराण्याच्या पद्धतीने, पोटातून आवाज काढून त्या कोवळ्या कानात ओरडले, "निर्झराऽऽ!"

बाळ दचकले. बायकांचे बुक्के माझ्या पाठीवर धडाधड पडले. (वहिनीच्या चुलतबहिणी शेतात राबतात, त्यांच्या बुक्क्यांना काव्य माहीत नाही.) आणि त्याच क्षणी बाबांचा बांध फुटला. मागांच्या वर जाईल अशा, सगळ्या भागांवर कमावलेल्या आवाजात त्यांनी आरोळी ठोकली.

त्याच क्षणी वीज गेली. खालून कोणीतरी "लाइट गयी रे!" म्हणाले आणि शेकडो माग एकदम गप्प झाले. त्या अथांग, अनोळखी शांततेत बाबांचे वाक्य घरभर घुमले :

"अगं, ती विष पाजते सगळ्यांना!"

आणि त्यांचे बोट माझ्या दिशेने होते.

घरातल्या प्रत्येकाच्या हातात मसाला दूध होते. ते मीच वाटले होते.

मावशीने पेला खाली ठेवला. टेम्पोभर नातलगांनी पेले खाली ठेवले. एका काकांचे दूध पिऊन झाले होते. ते भिंतीला टेकून बसले आणि पोट चाचपू लागले.

"कोन पाजतंय इष?" मावशीने विचारले.

"निर्झरा!" बाबा कळवळून म्हणाले.

सगळ्यांनी पाळण्यात पाहिले. निर्झराने जांभई दिली.

"बाराव्या भागातली हो!" बाबांनी कपाळावर हात मारला. "सरोवरात विष कालवते. दोन्ही सैन्यं आडवी होतात. वीरबाहूचा नातूसुद्धा! आणि ही पोरीला तिचं नाव ठेवतेय!"

माझी निर्झरा? मुंगीला वाट करून देणारी?

"मग सकाळीच सांगायचं ना, बाबा!"

"कसं सांगणार? तूच तर शब्द घेतलास. पुढचं फोडायचं नाही!"

मावशीचा आवाज आता कोरडा झाला. "माझ्या नातीला इष घालनारीचं नाव? कानात गेलं ते काय बाहेर काढायला येतंय?" वहिनीचे डोळे भरले. तिचा हात पाळण्याच्या दोरीवर घट्ट झाला. मिलिंद हळूच म्हणाला, "भुजंगा अजून मोकळं आहे..." आणि कोणीतरी त्याला गप्प केले.

"पण तिनं का पाजलं?" वहिनीने विचारले. "कायतरी असेल ना?"

आम्ही सगळे बाबांकडे वळलो.

"ते ठाऊक नाही," बाबा ओशाळून म्हणाले. "तिथपर्यंत आलो आणि तुझ्या सासूने मला पाळण्याच्या दोऱ्या बांधायला उठवलं."

मी पैठणीसकट आतल्या खोलीत धावले, त्यांच्या उशीखालून बारावा भाग उपसला आणि खुणेच्या पानापासून तिथेच, पाळण्याशेजारी बसून अधाशासारखी वाचू लागले.

"मनात काय वाचतेस? आमी काय भिंती हाव?" मावशी म्हणाली. "मोठ्यानं वाच."

मी वाचू लागले. वीज नव्हती, माग नव्हते. ओरडण्याची गरज नव्हती. त्या घरात गोष्ट प्रथमच हळू आवाजात वाचली जात होती. घुगऱ्यांवरचे खोबरे सुकत होते, दुधावर साय धरत होती आणि दिघाशीची माणसे पाय दुमडून, हनुवटीला हात लावून ऐकत होती. बाबा दाराच्या चौकटीला टेकले होते आणि त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मी लहान असताना माझे त्यांच्याबरोबर हलत, तसे. कधीकाळी ते वाचत तेव्हा पेल्यातल्या पाण्यावर वलये उठत. आता पाणी निश्चल होते. मला का कोण जाणे, फार भरून आले.

आणि पानांमागून पाने उलटल्यावर उलगडले : ते विष नव्हतेच! निद्रावल्लीच्या मुळीचा रस होता तो. दोन्ही सैन्ये सरोवराकाठी गाढ झोपली आणि जागी झाली तेव्हा भांडण कशाचे होते, हेच कोणाला आठवेना. सारे आपापल्या घरी गेले.

मावशीने मोठा श्वास सोडला. "मंग बरं केलं की! आमच्या ग्रामसभेच्या आधी पन पाजायला पायजे." तिने पेला उचलला आणि सायीसकट दूध संपवले. भिंतीला टेकलेल्या काकांचे पोट तत्काळ बरे झाले.

"आनि ती मुळी आनायला पल्याड नेलं कोनी तिला?" वहिनीने डोळे पुसत विचारले.

मी पान पुन्हा पाहिले. "सुकीने."

"बघा!" वहिनी म्हणाली.

नाव राहिले. मी विजयी मुद्रेने पुस्तक मिटले. बाळ शांत झोपले होते. आणि तेव्हा कोपऱ्यातून मिलिंदचा मृत्यूसारखा शांत आवाज आला.

"ताई. बाराव्याला माझा नंबर अजून यायचा होता."

खालून कोणी खोकले, तेही ऐकू आले.

"शेवटासकट फोडलंस. सगळ्या दिघाशीसमोर!"

"बाबांनी आधी फोडलं!" मी किंचाळले.

बाबांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि निवृत्त कारकुनाच्या थंडपणाने निकाल दिला. "मी विष सांगितलं. निघाली झोप. म्हणजे मी सांगितलं ते पुस्तकात नाहीच. जे पुस्तकात नाही, ते फोडता येत नाही. तू मात्र अक्षरशः वाचून दाखवलंस."

वीज आली. माग सुरू झाले. माझा निषेध कोणालाच ऐकू आला नाही.

आता निर्झरा शाळेत जाते आणि माला वाचते. दिघाशीला गेली, की मावशीपासून टेम्पोवाल्यापर्यंत प्रत्येक जण तिला बाराव्याचा शेवट सांगतो. तिचा आवडता नायक कोण, असे मी मोठ्या आशेने विचारले, तर म्हणाली, "सुकी. निर्झरा बोअर आहे गं आत्या, नुसती पाण्याशी बोलत बसते." इतक्या वर्षांच्या खंडानंतर तेरावा भाग नुकताच आला आहे. प्रथम बाबांनी वाचला, मग मिलिंदने, मग वहिनीने. आता तो निर्झराकडे आहे आणि पुढे दिघाशीला मावशीकडे जाणार आहे. तिनेही रांगेत नाव लावले आहे.

काल मी निर्झराशेजारी जाऊन बसले. "एवढंच सांग, राणी. तुझ्या नावाची ती जिवंत तरी आहे ना?"

तिने ओठांवर बोट ठेवले. "आत्या, पुढचं फोडायचं नाही. नियम कोणी केला?"

मांजरीला अक्षरे गिरवायला बसवण्याचा तिचा बेत मात्र मी सध्या लांबणीवर टाकायला लावला आहे.